पुढच्या सीटवरची बाई

२२ सप्टेंबर २०१४

आज पुन्हा मला गाडीत बसवून नेलं. पुढची सीट, काच खाली, काळा बुरखा लांबूनही दिसला पाहिजे. मुस्लेहला टायर घ्यायला राजधानीला, सनाला जायचं होतं. मुस्लेह म्हणजे माझा थोरला दीर, या घरातला आवाज. जाताना मी पुढे. येताना टायर मागे, मी पुढे. टायरना निदान डुलकी काढायची मुभा होती.

गाडीत बाई असली की वैऱ्यानं गोळी झाडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. झाडली तर साऱ्या टोळीत छी-थू, तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून वैर असलेल्या घरांतले पुरुष बाई घेतल्याशिवाय रस्त्याला लागत नाहीत. मुस्लेहची बायको सदा गरोदर, त्यात तिला वळणावळणाला उलटी. म्हणून मी. विधवा, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, उलटी होत नाही — अगदी सोयीची!

सनामध्ये काल उत्तरेच्या सादाकडची बंडखोर माणसं शिरली. चौकीवर नवी पोरं, खांद्याला बंदुका. एकानं आत वाकून पाहिलं, मी दिसले, मागे सरला. 'जा, काका.' घरी येताच मुस्लेहनं गाडीच्या काचेवरचा कागद खरवडायला घेतला. आधी तिथे अध्यक्षांचं चित्र होतं. तंबूंच्या वर्षी क्रांतीचा झेंडा आला. आता सादावाल्यांची घोषणा लावणार म्हणे. काच बिचारी झिजली.

३ ऑक्टोबर

उद्या ईद. माझा जुब्रान आला! विद्यापीठाचं दुसरं वर्ष, पूल बांधायला शिकतोय. वाळलाय. केस वाढलेत. बंदूक आणली नाही म्हणून मुस्लेहनं तोंड वाकडं केलं.

माझ्यासाठी चपला आणल्या. प्लास्टिकच्या, हिरव्यागार. 'सनामध्ये हा रंग कुणी घेईना आई, म्हणून दुकानदारानं गळ्यात मारल्या.' घालून पाहिल्या. बुरख्याखालून दोन बेडूक डोकावल्यासारखे दिसतात. लहानपणी मंगळवारच्या बाजारात तो एकदा चुकला होता. सगळ्या बायका काळ्या, कुणाचा हात धरावा कळेना, भलतीचाच धरून तिच्या घरापर्यंत गेला होता. त्याला अजून आठवतं. म्हणाला, 'आता तरी गर्दीत सापडशील.'

४ ऑक्टोबर

पोरगा दुपारी जेवला, झोपला, उठून परत जेवला. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

टोळीचे शेख आले. तह वाढवून गेले. आता मुदत रमजानच्या ईदपर्यंत. दोन्ही घरांच्या बंदुका तारण म्हणून शेखांच्या कोठीत आहेतच, त्यात आणखी एकेक गेली. एवढ्या बंदुका देऊनही दोन्ही घरांत बंदुका उरतातच, हे कोडं मला सुटलेलं नाही.

एकदा लिहून ठेवते. अल-हजर गावच्या फायदनं माझ्या नवऱ्याला, सरहानला, विहिरीवर मारलं. पंपाची पाळी कुणाची यावरून. सहा वर्षं झाली. पुढल्या वर्षी मुस्लेहनं फायदवर गोळी झाडली, ती त्याच्या चुलत भावाला लागली. तो गेला. माझ्या मते फिटंफाट झाली. पण पुरुषांचं गणित वेगळं. मुस्लेह म्हणतो, चुलत म्हणजे सख्खा नव्हे, अजून बाकी आहे. फायदकडचे म्हणतात, ज्याचा भांडणाशी संबंध नाही त्याला मारलं, उलट तुम्हीच देणं लागता. विहीर तर तिसऱ्याच वर्षी आटली.

११ फेब्रुवारी २०१५

आज तंबूंच्या वर्षाला चार वर्षं. रेडिओवर कुणी नाव घेतलं नाही.

मुस्लेह तेव्हा अध्यक्षांविरुद्ध तंबू ठोकलेल्या सनाच्या त्या चौकात महिने काढून आला होता. बंदूक घरी ठेवून! मी बोट चावून पाहिलं होतं. फायदही तिथेच होता, शेजारच्या तंबूत. तोही मोकळ्या हातांनी. मुस्लेह एकदाच बोलून गेला होता, 'एका पातेल्यातलं सल्त्याचं कालवण खाल्लं गं आम्ही. त्यानं भाकरी पुढे केली, मी घेतली.' तेव्हा बाई न घेता तो रस्त्यानं एकटा ये-जा करत होता. त्या वर्षी मला कुणी गाडीत बसवलं नाही. मग चौक रिकामा झाला, सगळे घरी आले आणि कोपऱ्यातल्या बंदुका पुसायला लागले.

२७ मार्च

परवा रात्रीपासून विमानं. सनावर, विमानतळावर, डोंगरांवर. शेजारच्या देशाची आहेत म्हणे.

३१ मार्च

जुब्रान आला. विद्यापीठ बंद. पुस्तकांची पिशवी आणि एक गादी, बस्स. या वेळी मुस्लेहनं त्याच्या हातात बंदूक दिली. त्यानं घेतली. 'राहू दे आई, आता सगळ्यांकडेच आहे.'

शाळेत सादाहून पळून आलेली बिऱ्हाडं उतरलीत. फळ्यावर ओले कपडे वाळत घातलेत. वर्ग बंद, तरी रोज जाते. बायकांना लिहायला शिकवते, पोरांची डोकी बघते, उवा मारते.

२५ एप्रिल

पेट्रोलची रांग. परवापासून गाड्या उभ्या. पुरुष टपरीवर जाऊन बसतात, गाडीत आम्ही. आज बाजूच्या रांगेत काचेला काच लागून फायदची गाडी! पुढे त्याची म्हातारी, नबात. तीही माझ्यासारखीच, रोजची ढाल. फायदची बायको पोराला घेऊन इब्बला माहेरी गेली, बॉम्बच्या भीतीनं. मागे राहिली म्हातारी आणि फायदची सात वर्षांची लेक गुसून. गुसून माझ्याच वर्गात होती. पाढे म्हणताना डोळे मिटते.

बराच वेळ दोघी समोर बघत बसलो. मग तिनंच काच खाली केली.

'सरहानची बायको ना तू? खजूर घे.'

घेतला. नाही म्हणायचं मनात होतं, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

'गुडघे गेलेत माझे,' म्हणाली. 'साखर आहे. औषध येत नाही आता. मी मेले की फायद घरात कोंडला जाईल बघ. त्याला विष घालायचं तर मला घाला आधी, काम सोपं होईल.' आणि हसली! मलाही हसू आलं. दोन्ही गाड्यांतले पुरुष धावत आले, काय झालं म्हणून. आम्ही काचा वर केल्या.

२ मे

पुलावर बॉम्ब. आमच्या डोंगराखालचा पूल, कोरड्या नदीवरचा. आता गाड्या नदीच्या पात्रातून उतरून जातात. माणसांना खाली उतरून चालावं लागतं, नाहीतर चाकं वाळूत रुततात. जुब्रान बघून आला. 'मधली कमान तोडलीय. पुन्हा बांधता येईल, आई.'

१४ मे

शेख गेले. रियाधला! सगळे मोठे शेख तिकडेच चाललेत. कोठीला कुलूप, कुंपणाला कुत्रा. तारणातल्या बंदुका आत. आता ईदला तह कोण वाढवणार? मुस्लेहला विचारलं. 'बघू,' म्हणाला. त्याच्या 'बघू'चा मला कधीच भरवसा वाटला नाही.

७ जून

पुलावर पुन्हा बॉम्ब. मोडलेल्या पुलावर!

रोज दुपारी जुब्रान काकांच्या बैठकीत बसतो. गातची नशेची पानं चघळतात, गाल फुगवतात. भिंतीपलीकडून ऐकू येतं. आधी बोलणं विमानांचं असायचं. आता फिरून फिरून सरहानवर येतं. आज कुणीतरी त्याला किशरचा, कॉफीच्या सालींच्या काढ्याचा पेला देता देता म्हणालं, 'बापाची खाट अजून मोकळी आहे म्हणतात, पोरा.' म्हणजे सूड घेणं बाकी आहे. कान भरायला आता माणसांना भरपूर वेळ आहे. ना पेरणी, ना नोकरी, ना डिझेल.

जेवताना म्हटलं, 'तू पूल शिकत होतास.'

'कुठला पूल, आई?' म्हणाला. उद्धटपणे नाही. खरंच विचारल्यासारखं.

२९ जून

नबात गेली. साखर. औषध नव्हतं.

मी मातीला गेले नाही. जाता येत नाही. घरात बसून तिच्यासाठी कुराणातल्या दोन आयती म्हटल्या. जावेनं ऐकलं. दार ओढून घेतलं.

१७ जुलै

ईद. तह संपला. वाढवायला कुणी आलं नाही. मुस्लेहनं नवे कपडे घातले आणि मला म्हणाला, 'उद्यापासून माझ्याबरोबर येताना काच पूर्ण खाली ठेव, जुब्रानच्या आई.'

२ ऑगस्ट

गुसून भाजली. घरोघरी पेट्रोल बाटल्यांत भरून ठेवतात, फायदच्या घरीही होतं. चूल पेटवताना भडकलं. एक पाय, मांडीपर्यंत. शाळेतल्या बायकांनी सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यात दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला न्यायला सांगितलंय, नाहीतर पाय जाईल. फायदच्या गावात आता चारपाच घरं उरलीत. त्यांतल्या बायकांना नवरे सोडत नाहीत, पुलाला दोनदा बॉम्ब पडल्यापासून.

रस्ता आमच्या डोंगराखालून.

३ ऑगस्ट

बैठक गच्च भरली होती. थर्मास द्यायला दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

वाद काय, तर सात वर्षांची पोर बाई धरायची का!

'बाईच की,' सालेह गवंडी म्हणाला. 'मोठी झाली की बाईच होणार.'

'होणार! झाली का?' मुस्लेह. 'परदा सुरू झाला की बाई. तोवर पोर. पोरगा काय, पोरगी काय, सारखंच.'

'पोरावर तरी कोण गोळी झाडतो रे?'

'पोरावर कोण झाडतंय? ती मागच्या सीटवर आडवी. तो पुढे. मध्ये केवढी जागा!'

माणसं हसतखिदळत बोलत होती, जणू बकरा कुठून कापायचा ते ठरवतायत. दोघं-तिघं 'हे बरं नव्हे' म्हणाले. त्यांचा आवाज लहान होता. मग मुस्लेह म्हणाला, 'मी माझं काम एकदा केलं. बापाचं रक्त मुलानं घ्यायचं. निर्णय त्याचा.'

जुब्रान म्हणाला, 'उद्या जातो.'

माझा आवाज तिथे चालत नाही. चालला असता तर काय बोलले असते, तेही माहीत नाही. थर्मास दाराशी ठेवला आणि आत आले.

नंतर त्याला गाठलं. 'जाऊ नकोस.' एवढंच म्हणता आलं. तो माझ्याकडे बघेना. 'रोज ऐकतोय आई मी. रोज. एकदा काय ते होऊन जाऊ दे.' सरहानसारखाच बोलतो. सरहानही पंपावर जाताना असंच म्हणाला होता. मला सरहानचा सूड नको असं नाही. फायद मेला असं कानावर आलं तर मी डोळ्यांतून पाणी काढणार नाही. पण माझ्या पोराच्या हातानं नको. मग त्यालाही जन्मभर कुणीतरी बाई घेऊन हिंडावं लागेल. आणि एक दिवस बाई मिळणार नाही.

४ ऑगस्ट

तो पहाटेच डोंगरावर गेला. बंदूक, भाकरी, पाणी. मी शाळेत जाते म्हणून निघाले. जावेनं विचारलं, 'इतक्या लवकर?' म्हटलं, उवा.

शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. फायदची गाडी आली. हात केला. थांबली.

'कोण?'

'सरहानची बायको.'

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. म्हातारा झालाय. 'मारायला आलीस?'

'बसायला आलेय. दार उघड, आतून लागलंय.'

उघडायला त्याला वेळ लागला. कडी सापडेना. मी बसले. काच खाली केली. सवय!

मागून बारीक आवाज — 'मास्तरीणबाई?'

'हो. सातचा पाढा म्हण.'

म्हणायला लागली. सात चोकपाशी अडकली. डोळे मिटले असतील, मागे वळून पाहिलं नाही. वास सहन होत नव्हता, जळक्या कातडीचा आणि मलमाचा.

वाटेत फायद म्हणाला, 'जुब्रानच्या आई, त्या दिवशी पंपावर—'

'नको. ते ऐकलं तर मला उतरावं लागेल.'

'तुझे उपकार—'

'तुझ्यासाठी नाही. माझ्या पोरासाठी बसलेय. गाडी चालव.'

राग आला. केवढा राग! इतकी वर्षं मला वाटायचं, राग करायचं काम घरानं मुस्लेहकडे दिलंय. माझ्याजवळही पुरता होता. त्याच्या मनगटावर सरहानसारखंच घड्याळ होतं, त्या काळी सगळ्यांकडे असायचं तसलं. खिडकीबाहेर बघत बसले.

नदीशी उतरावं लागलं. गुसूनला उतरवता येईना, ती आत. फायद गाडी हाकत. त्याच्या दाराला लागून, डोंगराच्या बाजूनं मी चालले. वर पाहिलं नाही. पांढरे गोटे, ऊन. मध्येच हिरव्या चपलेत खडा गेला. दोन पावलं तशीच रेटली, मग जमेना. गाडीच्या दाराला धरून थांबले, चपला काढल्या, झटकल्या, परत घातल्या. फायद कुजबुजला, 'चल ना बाई!' पलीकडे जाऊन पुन्हा पुढे बसले.

विमानाला वरून बाई दिसते का, कोण जाणे. आज विमान आलं नाही.

दवाखान्यात पट्टी झाली. परत येतानाही तसंच. फाटकाशी उतरले. निरोप वगैरे कुणी घेतला नाही. परवा पुन्हा न्यायचंय, एवढं गुसूननं सांगितलं.

संध्याकाळी जुब्रान आला. बंदूक कोपऱ्यात ठेवली. मुस्लेह अंगणातच आडवा आला.

'काय झालं?'

'बाई होती.'

'बाई? त्याच्याकडे बाई उरली कुठे?'

'असेल कुणी. बाई ती बाई.'

'अरे, बुरख्यात कुणी बाप्या बसवला असेल त्यानं! मोठा वस्ताद आहे तो. परवा मीच येतो. चालीवरून सांगतो तुला, बाई की बाप्या.'

मी आत पीठ मळत होते. पीठ पातळ झालं. जुब्रान जेवायला बसला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाली मान. मी आणखी वाढायला गेले, तर हात आडवा केला.

५ ऑगस्ट

काही नाही. जुब्रान दिवसभर घरातच. बैठकीत गेला नाही. पोट दुखतंय म्हणाला. मी विचारलं नाही.

उद्या काय करावं? मुस्लेह मला चांगला ओळखतो, इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसलेय. त्यानं ओळखलं तर या घरात मला जागा नाही. आणि नाही गेले तर ते दोघं वर, फायद खाली, आणि मागे पोर पाढा म्हणत.

जाणार. झोप यावी आता.

६ ऑगस्ट

पहाटे उंबऱ्याशी गेले तर माझ्या हिरव्या चपला नाहीत. त्यांच्या जागी जावेच्या जुन्या, काळ्या. जुब्रान दाराबाहेर बंदूक खांद्याला अडकवत उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'काकांनी दुर्बीण घेतलीय, आई. आणि परवासारखी मध्येच थांबू नकोस.'